पूजेतली पिन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. असता तर यवतमाळच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या शेडची किल्ली मी स्वतःकडे ठेवलीच नसती. तरी दसऱ्याच्या सकाळी देवापुढे दिवा लावायला एकटीच आत शिरले आणि माझ्या अंगावर काटा आला. भट्ट्या थंड, पंखे बंद, एकेका यंत्राच्या गळ्यात झेंडूचा हार. त्या शांततेत कुणीतरी नखानं टिचकी मारावी तसा आवाज आला. टक्. मी तिथंच उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

उंदीर असेल, असं म्हणून मी स्वतःलाच दटावलं. पण आवाज एका लोखंडी ट्रेमधून येत होता. ट्रेमध्ये ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या जाडजूड पिना होत्या. वाकून पाहिलं तर काही पिनांवर केसाएवढ्या बारीक भेगा. माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक चिरली. हात कुणी लावला नव्हता.

आमच्याकडे पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवतात. त्यानं ते कडक होतं, पण आतून इतकं ताणलेलं राहतं की लगेच दुसऱ्या भट्टीत मंद आचेवर शेकावं लागतं. नाहीतर ते ठेवल्या जागी आपोआप फुटू शकतं. आदल्या दिवशी नवमीची पूजा झाली होती. मुहूर्ताआधी यंत्रं थांबलीच पाहिजेत, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसरा उलटेपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही, ही आमच्या मिस्त्रीकाकांची रीत. शेवटचा घाणा तेलातून निघाला आणि दुसरी भट्टी पेटायच्या आत तिच्या दाराला हार पडला.

आणि मला दादा आठवला. काल माझा हा मोठा भाऊ प्रसादाला आला होता. त्याच्या ट्रॉलीची पिन झिजली होती, म्हणून काकांनी पूजेच्या ताटातली कुंकू लावलेली पिन त्याच्या हातात दिली. दादानं ती कपाळाला लावली. आज सकाळी तो कापूस वेचणीच्या बायांना ट्रॉलीत बसवून नेरच्या रस्त्यावरच्या शेतात नेणार होता. त्या बायांमध्ये वहिनीही होती.

मी काकांना फोन लावला. "ताटातल्या पिना कोणत्या ट्रेमधल्या होत्या?"

"आठोत नाही बाई. हाताले लागल्या त्या ठेवल्या."

"मशीन लावून बघते."

"हळदकुंकवाच्या मशीनले हात लावतं? काहून अशी अवदसा आठवते तुले?"

मी फोन कट केला. वडीलधाऱ्या माणसाचा असा फोन मी कधी कापला नव्हता.

माझं मशीन म्हणजे तारेचं एक वेटोळं आणि शेजारी पडदा. ते पोलादाला क्षणभर चुंबक करतं आणि मग त्याचं चुंबकपण काढून घेतं. मऊ पोलाद ते चटकन सोडतं, कडक पोलाद धरून बसतं. काढून घ्यायला किती जोर लागला, त्यावरून कडकपणा कळतो, आणि वस्तूवर ओरखडाही उठत नाही. मशीनवरचं फूल उचलून बाजूला ठेवलं. ताटात उरलेली एक पिन आत सरकवली. आकडा शेकलेल्या पिनेच्या मर्यादेपलीकडे गेला. दुसरी घातली. तेच.

दादा फोन उचलेना. ट्रॅक्टरच्या धडधडीत त्याला काय ऐकू येणार! मी स्कूटी काढली. नाल्यावरच्या पुलापलीकडे, चढ संपता संपता ट्रॉली दिसली. जोरजोरात हॉर्न वाजवत मी पुढे जाऊन आडवी झाले.

"ननदबाई सोनं द्यायले आल्या वाटते!" ट्रॉलीतून वहिनी ओरडली. बाया हसल्या.

"आधी सगळ्या खाली उतरा," मी म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. त्या भराभर उतरल्या.

"काय झालं वं?" दादा चिडला.

"ती पिन काढ."

"पूजेची हाय ते! नवीकोरी!"

"काढ म्हणते ना!"

पुटपुटत त्यानं ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावले, ट्रॅक्टर किंचित मागे घेतला आणि पिनेची कडी धरून वर ओढली. पिन सहज वर आली, पण अर्धीच. उरलेली अर्धी खाली मातीत पडली. तुटलेली जागा करडी, खरखरीत होती. ते दोन तुकडे इतका वेळ नुसते एकमेकांवर दाबून अडकले होते.

दादा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

"पुलावर मांगून ठोकल्यावानी आवाज आलता," तो वहिनीला म्हणाला. "मले वाटलं, तू ठोकून राह्यली."

"मी कायले ठोकू?" वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पुलापासून तिथवर सगळा चढच होता.