स्वस्तात मिळालेला शेअर

ऐन कामाच्या दिवशी शेजारचे देशपांडे गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना दिसले.

"आज रजा?" मी विचारलं.

"आमचा विभाग कंपनीनं केव्हाच बंद केला. घरी सांगायचा धीर नव्हता, म्हणून रोज डबा घेऊन बागेत बसायचो. काल सांगून टाकलं."

त्यांच्याच कंपनीचा शेअर मी नुकताच घेतला होता. नफा वाढला होता, भाव जागच्या जागी होता. भावाला शेअरमागच्या नफ्यानं भागलं की पी/ई निघतो. तो इतका कमी, म्हणजे शेअर इतका स्वस्त, आला की मी खूश झालो. खर्च घटल्यानं नफा वाढला, एवढं मी वाचलं होतं. खर्च म्हणजे कोण, हे विचारावंसंही वाटलं नव्हतं. भागाकारात माणसं कुठे दिसतात?

देशपांड्यांनी कठड्यावरून ओंजळभर मोगरा पुढे केला. "वहिनींना द्या."

मी तोही घेतला.