वाढलेल्या बांगड्या

शेजारणी दारात येतात त्या साखर मागायला, नाहीतर विरजण मागायला. आमच्या सरावलीच्या चाळीतली बांगडीमावशी काचा मागायला यायची. उंबऱ्याशी उभी राहून हसत विचारायची, "बेन, आज कोणी काय वाढवलं का?" एकदा मी सहज म्हटलं, "परवा माझी एक बांगडी फुटली, कचऱ्यात टाकली." तिने कपाळाला हात लावला. "फुटली म्हणायचं नाय. वाढली म्हणायचं." आई आतून हसली, आणि मला मुकाट्याने कचऱ्याचा डबा उपसावा लागला.

फुग्यांच्या कारखान्यातून सुटून आली की मावशी ओट्यावर मेणबत्ती लावून बसायची. काचेचा तुकडा चिमट्यात पकडून ज्योतीवर धरायचा, मऊ पडला की टोकाला टोक टेकवायचं, झाली एक कडी. कडीत कडी अडकवून साखळ्या करायच्या आणि मोडक्या बादलीच्या तारेचं कडं वाकवून त्याच्याभोवती त्या गुंफायच्या. असं ते दारावर लावायचं गोल तोरण. खर्च काय तो मेणबत्तीचा, तीही कुणाच्या तरी वाढदिवसाची उरलेली. डहाणूच्या बाजारात प्लास्टिकची झगमगीत तोरणं हवी तेवढी मिळत, पण आमच्या चाळीत एकही दार तिच्या हातच्या तोरणावाचून नव्हतं. बोटं मात्र सदा पोळलेली. आई मलम घेऊन गेली की म्हणायची, "ऱ्हाऊ दे बेन, काचेला तरी कुठे मलम लावते मी?"

बिनतोरणाचं दार एकच, तिचं स्वतःचं. कारण विचारलं तर म्हणायची, "घरधनी येऊ दे. खिळा त्याने ठोकायचा."

घरधनी गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. वादळात बोट बुडाली. बाकीचे कोणी जिवंत, कोणी मेलेले, पण सापडले. हा नाही सापडला. बोटीच्या शेठने फोनवर सांगून टाकलं की आता वाट बघू नका. वेवजीला, सासरच्या गावी, सासूने बरेच महिने कळ काढली आणि मग भावकीतल्या बायका बोलावल्या. सासू काही दुष्ट नव्हती. क्रियाकर्म झाल्याशिवाय पोराला गती मिळायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. मावशीला पाटावर बसवलं, बांगड्या वाढवायला दगड आणला. मावशीने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "माणूस दाखवा, मग हात देते." त्यानंतर ती सरावलीला आली ती कायमची. सासूने बोलणं टाकलं.

ती सवाष्ण की विधवा, हे आमच्या चाळीला कधी ठरवता आलं नाही. तिचं तोरण सगळ्यांना हवं होतं, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावताना सगळ्यांची जीभ अडखळायची. म्हणून त्या दिवसांत मावशी संध्याकाळी आपणच दार लोटून घ्यायची. कुणाला अवघड नको. आई वाण घेऊन तिच्याकडे जायची, पण सगळ्या गेल्यावर. त्या लोटलेल्या दाराचा मला फार राग यायचा. अजूनही येतो.

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली आणि ती अंगावर काढल्यामुळे विकोपाला गेली. डहाणूच्या दवाखान्यात आई तिच्या उशाशी होती. हात सुजून बांगड्या रुतल्या होत्या. सलाईन लावायला त्या कापाव्या लागतील, असं सिस्टर म्हणाली. बोलायचं त्राण नव्हतं, तरी मावशी म्हणाली, "सिस्टर, पायाला लाव की. पाय पण माझाच हाय." सिस्टरला हसू आलं, आणि तिने कोपराशी शीर शोधली. दोन दिवसांनी मावशी गेली.

तिला चाळीत आणलं. आंघोळ घातली आणि सगळं तिथेच अडलं. आईच्या हातात हिरवी साडी होती, शेजारच्या काकूंनी पांढरी आणली होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. तेवढ्यात वेवजीहून रिक्षा आली. दोन बायकांनी धरून सासूला उतरवलं. म्हातारी मावशीजवळ बसली, तिचा हात मांडीवर घेऊन बांगड्यांवरून बोटं फिरवू लागली. राहिलेलं काम ही आता पुरं करणार, असं सगळ्यांनाच वाटलं. काकू पांढरी साडी घेऊन पुढे सरकल्या.

"हिरवीच नेसवा," म्हातारी म्हणाली. "माझा पोऱ्या हिच्याच हातात जिता होता."

आईने साडी नेसवली. म्हातारीने स्वतः कुंकू लावलं, मळवट भरला. मग मुलाचं नाव घेऊन तिने हंबरडा फोडला. तो मेला, तो मेला, असं इतकी वर्षं जी सगळ्यांना बजावत आली, तिला त्याच्यासाठी रडताना आजच पाहिलं, असं तिच्यासोबत आलेल्या बायका म्हणाल्या.