जाखडीतले पाय

"माझे गडी कुठं गेले रे?" सखारामबुवांनी हेडफोन काढून विचारलं.

मी महाडात गाणी मिक्स करतो. म्हणजे गायक, ढोलकी, टाळ यांचे आवाज एकमेकांत नीट बसवतो. बुवा पोलादपूरच्या वरच्या अंगाचे, जाखडी नाचाचे जुने गायक. त्यांचे नाचणारे गडी मुंबईत नोकरीला. दरवर्षी गणपतीआधी बुवा स्वतः तिकडे जाऊन नवं गाणं बसवून घेत. यंदा गुडघ्याने दगा दिला. म्हणून गडी सुट्टीत गावी आले तेव्हाच देवळात एकदा सगळ्यांना गोळा करून रेकॉर्डिंग केलं होतं, आता त्यावरच मुंबईत तालीम होणार होती. संध्याकाळपर्यंत फाइल पाठवायची होती.

आणि मी नेमके नवे प्लगइन आणले होते. प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आवाजावर काम करणारं छोटं सॉफ्टवेअर. एक आवाज गोड करतो, एक घुमवतो, एक नको तो खडखडाट काढतो. आठवडाभर रिव्ह्यू वाचून मी बुवांच्या एका गळ्यावर नऊ चढवले होते. स्वतःवर जाम खूश होतो.

"बुवा, मागे फार खुळखुळ होती. साफ केली."

"खुळखुळ? अरे, ते चाळ हायत!"

जाखडीत गायक मध्ये बसतो आणि पायात घुंगरांचे चाळ बांधलेले गडी त्याच्याभोवती फिरतात. सगळ्यांचे पाय एकदम पडले की नाही, ते त्या आवाजावरूनच कळतं. मी तोच कचरा समजून झाडून टाकला होता. कोकणात जन्मून हे मला ठाऊक नसावं, याची लाज वाटली.

बुवा काठी टेकून उठले. "लाव तुझं गाणं." दोन पावलं टाकली आणि थांबले. "ह्याच्यावर पाय कुठं टाकू?"

मी एकेक प्लगइन बंद करत गेलो. नऊपैकी दोन उरले. बुवांनी पुन्हा पाय उचलला. या वेळी ते माझ्या खुर्चीभोवती अख्खा फेरा मारून आले.

"चाळ अजून वर घे."

"तुमचा आवाज दबेल, बुवा."

"दबू दे. माझा आवाज त्यांना पाठ हाय. नाचायचं त्यांना हाय."

मी चाळ वर घेतले.

चार दिवसांनी मुंबईहून व्हिडिओ आला. चाळीच्या गच्चीवर हाफ पँटीतले बारा जण गोल फिरत होते. बुवांनी तो तीनदा बघितला. "तिसरा गडी अजून चुकतोय," एवढंच म्हणाले, पण डोळे पुसले.

आता काम घेताना मी गाणाऱ्याला आधी विचारतो, यातला कचरा कोणता? बऱ्याचदा उत्तर मला पटत नाही. तरी तेच ऐकतो.