संध्याकाळची तोडी

रिसोडच्या एसटी स्टँडवर खिल्लारेभाऊ कंट्रोलर होते. गाडी फलाटाला लागली की दुसरे कंट्रोलर आधी कंडक्टरच्या हातातला कागद बघत. भाऊ उतरणाऱ्या माणसांकडे कान लावत. लांबून आलेला माणूस उतरताना काहीतरी गुणगुणत असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. एखाद्याला ते खिडकीतूनच थांबवत आणि विचारत, “पाहुने, आता काय म्हनत होता तुमी?” माणूस दचके. तिकिटात काही चूक निघाली की काय, असं त्याला वाटे. मग तो लाजत लाजत एखादी ओळ म्हणून दाखवी आणि भाऊ त्याचं गाव सांगत. पुष्कळदा बरोबर निघे. पोहरादेवीच्या यात्रेहून परतणारा माणूस तर ते डोळे मिटून ओळखत. कोण कोणत्या आळीतला, हेही त्यांना कळत असावं, पण ते तोंडाने कधी बोलले नाहीत.

“मानूस कपडे बदलते, बोली बदलते,” ते म्हणत. “गुनगुन बदलत नाही. तिले धोब्याकडे देता येत नाही.”

मी रिठदचा. रिसोडला कॉलेजात यायचो. तास साडेतीनला संपत आणि आमच्या गावाकडची गाडी सहाला असे. मधला वेळ मी भाऊंच्या खिडकीशेजारच्या बाकावर पुस्तक उघडून बसे. महिनाभर त्यांनी मला नुसतं पाहिलं. मग एक दिवस म्हणाले, “काहून रे, तू काहीच गुनगुनत नाहीस? कालेजात फी भरली तवा ते जमा करून घेतलं का?” मी नुसता हसलो. खरं होतं ते. आमच्या वस्तीतली गाणी वर्गातल्या मुलांसमोर चुकून ओठावर येऊ नयेत, एवढी काळजी मी पहिल्या दिवसापासून घेत होतो. त्या दिवसापासून भाऊ मला ‘कालेज’ म्हणू लागले.

आमची आणि त्यांची ओळख तशी निघाली असती. आमच्यासारखीच त्यांच्या घरानेही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती, आणि त्यांचे वडील गावोगाव फिरणाऱ्या गायन पार्टीत डफ वाजवत. आमच्या वस्तीतही ती पार्टी येऊन गेली होती म्हणे. पण आमची खरी ओळख झाली ती प्रशांतमुळे.

प्रशांत हा भाऊंचा गुप्तहेर. स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीतली हेरकथांची सगळी पुस्तकं भाऊंनी भाड्याने आणून वाचली होती. ती संपल्यावर त्यांनी स्वतःच एक लिहायला घेतलं होतं. दोन गाड्यांच्या मध्ये, जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. नाव प्रशांत, कारण तो शांत राहतो. आडनाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, “आडनाव देल्लं की वाचनारा पयले तेच वाचते. मंग गोष्ट कोन वाचनार?”

टपरीतल्या पुस्तकांवर त्यांचा एकच राग होता. त्यातल्या नायकांना बारा भाषा येतात, विमान चालवता येतं, कोणतंही कुलूप उघडता येतं, पण एकही नायक कधी गुणगुणत नाही. “एकटा मानूस गुनगुनतेच. जो गुनगुनत नाही, तो एक तं मेला असन, नाही तं लेखकानं मारला असन.” म्हणून प्रशांतला कोणतं गाणं आवडतं, हे ठरल्याशिवाय त्यांचं सातवं प्रकरण पुढे सरकेना. कितीतरी संध्याकाळी आमचं तेच चाले. सिनेमाची गाणी त्यांनी काढून टाकली; ती सगळ्यांचीच असतात, त्यावरून माणूस कळत नाही. भजन म्हटलं तर तो देवभोळा होतो. कव्वाली त्यांना स्वतःला फार आवडे, पण कव्वालीला टाळ्या लागतात आणि हेर टाळ्या वाजवू लागला तर पकडला जाईल, असं म्हणून ते स्वतःच हसत. शेळके नावाचा एक कंडक्टर आमच्या मध्ये तोंड घाली. “भाऊ, त्याले मुकाच करून टाका ना. एका झटक्यात काम.” भाऊ त्याच्याकडे बघतही नसत.

सातव्या प्रकरणात प्रशांत मोठ्या साहेबाच्या वेशात शत्रूच्या बंगल्यावर जातो. तिथे संध्याकाळी चहा घेताना तो आपल्या आवडीची रेकॉर्ड लावायला सांगतो, असं भाऊंनी योजलं होतं. साहेब म्हणजे शास्त्रीय संगीत ऐकणार, हे दोघांनाही मान्य होतं. पण त्यातलं काय? भाऊ खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि म्हणाले, “तू कालेजात हायेस. तुले माहीत असन.”

मला माहीत नव्हतं. पण तसं म्हणायची मला सवयच नव्हती. आमच्या घरात मी पहिला शिकणारा. गावात कोणाचं सरकारी पत्र आलं, कोणी औषधाची बाटली आणली, कोणाला खताच्या पोत्यावरचं वाचून हवं झालं की मला हाक मारीत. ‘पोट्टा कालेजात जाते’ असं आई अभिमानाने म्हणे आणि मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत जाई. दोनच दिवसांपूर्वी सकाळी गाडीची वाट बघताना आमच्या फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात रेडिओ लागला होता, आणि निवेदकाने ‘राग तोडी’ असं सांगितलेलं मी ऐकलं होतं. नाव तेवढं लक्षात राहिलं होतं.

मी म्हणालो, “तोडी.”

“तोडी,” भाऊंनी तोंडात घोळवून बघितलं. “चांगलं हाये. संध्याकाळी आयकतेत ना ते?”

“हो,” मी म्हणालो.

एवढंच झालं. त्या संध्याकाळी भाऊंनी सातवं प्रकरण पुरं केलं, आणि दिवाळीपर्यंत सगळं पुस्तकच. दिवाळीच्या सुट्टीत मी सगळं बाड चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात उतरवून दिलं आणि आम्ही ते नागपूरच्या एका प्रकाशकाकडे रजिस्टर पोस्टाने पाठवलं. भाऊंची इच्छा मोठी नव्हती. समोरच्या टपरीत दोरीला चिमट्याने लटकवलेल्या पुस्तकांत एक आपलं असावं, आणि गाडीत वाचायला म्हणून कोणी ते भाड्याने न्यावं. “आन मंग तो उतरताना काय गुनगुनते ते म्या आयकीन,” असं ते म्हणत. तीन महिने ते रोज पोस्टमनला चहा पाजत होते.

बाड परत आलं ते माघात. सोबत टाइप केलेलं पत्र होतं. भाऊंनी ते मला वाचायला दिलं. आमचं लिखाण कच्चं आहे, असं त्यात होतं, आणि ते असेलही. पण शेवटची वाक्यं मला अजून पाठ आहेत. ‘आपला सुसंस्कृत नायक सायंकाळी तोडी ऐकतो, हे वाचून करमणूक झाली. तोडी सकाळी गातात. ज्या जगाची आपल्याला माहिती नाही, त्या जगाविषयी लिहिण्याच्या भरीस पडू नये.’

मी पत्राची घडी घातली. कान तापले होते. तेवढ्यात वाशीमची गाडी लागली म्हणून भाऊ उठून गेले आणि मी ती संधी साधून निघालो. दुसऱ्या दिवसापासून मी स्टँडवर जाणं बंद केलं. गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत चालत जायचो आणि तिथे हात दाखवून गाडीत चढायचो. शेळके कंडक्टरकडून मला बातमी मिळत होतीच. स्टँडवर सगळ्यांना पत्राचं कळलं होतं. “भाऊच्या साहेबानं सकाळचा नाश्ता संध्याकाळी केला म्हने,” असं म्हणून तो तिकीट फाडताना हसला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चूक माझी आहे, हे त्याला सांगावं, असं वाटलं. सांगितलं नाही.

आठ-दहा दिवसांनी त्यानेच निरोप दिला. “खिल्लारेभाऊ बलावतेत तुले. म्हनले, कालेज नाक्यावरून काहून चढून राह्यला? स्टँड काय चावते का त्याले?”

मी गेलो. उभाच राहिलो. भाऊंनी बाकावर बसायची खूण केली आणि सहाच्या आत ऐकून होईल म्हणून लगेच पाठकोरे कागद काढले. पत्राविषयी एक शब्द नाही. मध्यंतरी त्यांनी एक गोष्ट मात्र केली होती. बाजाराजवळ पेटी दुरुस्त करणारे एक बुवा राहत. त्यांच्याकडे ते सुट्टी टाकून सकाळी गेले होते आणि मुद्दाम तोडी वाजवून घेऊन ऐकून आले होते. “चांगली हाये रे तोडी,” ते म्हणाले. “मले तं कोनी घरचं मानूस गेल्यावानी वाटलं. संध्याकाळी आयकली असती तरी तसंच वाटलं असतं. पन नेम तो नेम.”

मग त्यांनी नवं सातवं प्रकरण वाचून दाखवलं. बंगला तोच, चहा तोच. साहेबाच्या वेशातला प्रशांत संध्याकाळी तोडीची रेकॉर्ड लावायला सांगतो. रेकॉर्ड सुरू होते. शत्रू कप खाली ठेवतो, जरा हसतो आणि नोकराला दार लावून घ्यायला सांगतो. जन्मापासून साहेब असलेला माणूस या वेळी तोडी मागणार नाही, हे त्याने ओळखलेलं असतं. प्रशांतला बांधून मागच्या खोलीत टाकतात. प्रकरण तिथे संपत होतं.

मी म्हणालो, की इतका हुशार हेर, त्याने एवढी साधी गोष्ट आधी कोणाला विचारली कशी नाही?

भाऊ कागद जुळवत होते. “साहेब कसा बसते, कसा खाते, समदं शिकला तो. हे एक इचाराले लाजला. इचारलं असतं तं लोकायनं म्हनलं असतं, एवढंही माहीत नाही?”

तेव्हा मी सांगितलं. तोडी केव्हा गातात हे मला माहीत नव्हतं. तोडी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. रेडिओवर नाव ऐकलं होतं आणि हो म्हणून टाकलं होतं. माझ्यामुळे त्यांचं पुस्तक परत आलं. हे सगळं मी बाकाकडे बघत बोललो. बोलता बोलता डोळे पुसले.

फलाटावर एक गाडी मागे घेत होते, तिच्याकडे भाऊंनी बघून घेतलं.

“मले माहीत नव्हतं म्हनून म्या तुले इचारलं,” ते म्हणाले. “तुले माहीत नव्हतं तं तू कोनाले इचारनार होतास? तुह्या घरी कोन होतं?”

भाऊंनी सातवं प्रकरण माझ्यासमोर ठेवलं.

“त्या नागपूरवाल्याले चूक दिसली. ती कोठून आली ते त्याले नाही दिसलं. म्हनून म्या चूक खोडली नाही, गोष्टीतच घेतली. आता रडू नोको. प्रशांत आत बांधलेला हाये. त्याले सोडवाचं कसं ते सांग.”

ते आम्हाला सांगता आलं नाही. पुढचे दोन महिने आम्ही प्रशांतला सोडवायचे मार्ग शोधत होतो. मी सुचवलं, की त्याच्या बुटात चाकू असावा. भाऊ म्हणाले, तसा चाकू टपरीतल्या प्रत्येक पुस्तकात आहे. शेळकेने सुचवलं, एसटीचा संप करा, गोंधळात पळून जाईल. पत्राचा विषय त्यानेही आता सोडला होता. मी एकदा त्याला सरळ सांगून टाकलं होतं, की ती तोडी माझी. तो म्हणाला, “मले काय कळते त्यातलं? मी तं आपला हसत होतो.”

उन्हाळ्यात भाऊंची बदली झाली. मेळघाटाकडच्या कुठल्याशा लहान स्टँडवर. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी मी सकाळीच गावाहून आलो होतो. टपावर दोन पेट्या, एक खाट, पिठाचा डबा चढवला. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेला माणूस प्रवासी म्हणून गाडीत बसलेला बघताना मला कसंतरी झालं. भाऊंच्या पत्नी, काकू, शेजारी बसल्या होत्या. त्यांना ही सगळी हेरगिरी ठाऊक होती. “हे तिकडं जंगलात बसून वाघाले गानं इचारतीन,” असं म्हणून त्या हसल्या.

गाडी सुटायला पाच मिनिटं होती. मी खिडकीखाली उभा होतो. भाऊंनी मला जवळ यायला सांगितलं.

“सुटला तो,” ते म्हणाले. “काल रातच्याला सुटला.”

“कसा?”

“बांधून ठेवला ना त्याले, मागच्या खोलीत? साहेबाचे कपडे कायले हवेत आता? कोनी पाहनारं नाही, आयकनारं नाही. तं मंग तो गुनगुनाले लागला.”

“काय?”

“माह्या बापाच्या डफावरचं. त्याले येत होतं ते लहानपनापासून. आजवर कुठं म्हनत नव्हता, कोनी वळखन म्हनून.” भाऊंनी गजांवर बोटांनी हळूच ठेका धरला. आमच्या वस्तीतल्या एका गाण्याचाच तो होता. “बाहेर मोरीवर एक बाई भांडे घासून राह्यली होती. तिनं ते आयकलं. थांबली. आन आपल्या मनानंच पुढची ओळ म्हनली.”

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली आणि मी बरोबर चालू लागलो.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. उठली, हात पुसले, आन कडी काढली.”

“ती कोण होती, भाऊ? तिचं नाव?”

ते काहीतरी म्हणाले, पण गाडीने वेग घेतला होता. नाव ठेवलं नाही म्हणाले, की मला ठेवायला सांगितलं, ते मला कळलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो. मग बाकावर येऊन बसलो. आत नवे कंट्रोलर मान खाली घालून कागद भरत होते. कॉलेजला वेळ होता. आजूबाजूला माणसं होती, तरी मी त्या गाण्याची ओळ म्हटली. आधी हळू, आणि नंतर शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.