भाऊजींचा शत्रू पिनरला राहतो

इंग्लंडमध्ये राहून अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलवर जीव टाकणारा मराठी माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असणार, आणि तो नेमका माझा मोठा दीर निघावा हे माझ्या पत्रिकेतच लिहिलेलं असणार. लग्न ठरवताना सासरच्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं होतं. सासऱ्यांची शुगर, सासूबाईंचे सोमवार, नवऱ्याचं घोरणंसुद्धा. भाऊजींबद्दल मात्र 'अमेरिकेत शिकले, आता लंडनजवळ कंपनीत आहेत, स्वभावाने अगदी गरीब' एवढंच. स्वभावाने गरीब हे खरंच होतं, पण ते रविवार ते शुक्रवार. शनिवारी संध्याकाळी पाच वाजले की या माणसात कोण शिरायचं, देव जाणे.

मेडनहेडला आम्ही त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर भाड्याने घेतलं, आणि पहिल्याच शनिवारी मी चहाच्या वेळेला त्यांच्याकडे गेले. अख्ख्या गल्लीत काळी आणि पांढरी दारं, यांचं एकट्याचं जांभळं. आत भाऊजी जांभळी टोपी घालून टीव्हीसमोर उभे. उभे, कारण ते बसले की त्यांचं कॉलेज हरतं. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता आशीर्वाद दिला, 'दाबा, दाबा, सोडू नका!' वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या, "तू बस गं. साडेआठपर्यंत ते आपल्यात नाहीत."

हा फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो नव्हे. चेंडू लांबुळका, त्याला पाय क्वचितच लागतो. खांद्यांना गाद्या बांधलेली धिप्पाड पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, पाच सेकंदांत शिट्टी होते, आणि मग सगळे घोळका करून चर्चा करतात. आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीचं कामही याच पद्धतीने चालतं, त्यामुळे मला ते लवकर कळलं. शेजारच्या इंग्रज आजोबांना मात्र कळलं नाही. त्यांनी कुंपणावरून अगदी निरागसपणे विचारलं, की म्हणजे हे उशा बांधून खेळायचं रग्बीच ना? त्या वर्षी भाऊजींनी आजोबांचा दिवाळीचा फराळ बंद केला. वहिनींनी चकल्या मागच्या दाराने पोचवल्या, ती गोष्ट वेगळी.

शनिवारच्या आड भाऊजींनी देवालाही येऊ दिलं नाही. आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी रीडिंग गावचे, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारे आणि वीकेंडला पूजा सांगणारे. ते निवांतपणे कथा सांगत चौथ्या अध्यायात पोचले, तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती. भाऊजी हात जोडून पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, साधुवाण्याची नाव बुडाली का तरली, फक्त फायनल स्कोर सांगा. हायलाइट्स मी नंतर बघतो." गुरुजी ऑफिसात डेडलाइन पाळणारे असल्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. प्रसाद घेऊन भाऊजी जे पळाले, ते चपला आमच्याच दारात विसरून.

या खेळातल्या भानगडींवर तर त्यांचं खास प्रभुत्व. कुठला कोच कुठे खोटं बोलला, कुठल्या खेळाडूच्या नावावर कुणी निबंध लिहिला, कुणाच्या आजीला अचानक नवं घर कसं मिळालं, सगळं तोंडपाठ. त्यांच्या कॉलेजचा एक हाडवैरी होता, नदीपलीकडच्या गावातलं दुसरं कॉलेज. त्याचं नाव भाऊजी घेत नसत. पूर्वी बायका नवऱ्याला 'हे' म्हणायच्या, तसं भाऊजी त्या कॉलेजला 'ते नदीपलीकडचे' म्हणायचे. त्यांच्याकडे एखादी भानगड निघाली की भाऊजींचं प्रवचन सुरू व्हायचं: "हा अपघात नाही, हे संस्कार आहेत. मुळात पायाच कच्चा." एकदा मी विचारलं, की तुमच्या कॉलेजचीही एक कसलीशी चौकशी झाली होती ना? "ती चूक होती," म्हणाले. "चूक माणसाकडूनच होते."

आता अशा माणसाच्या वाट्याला इंग्लंडात काय यावं? मंडळाची दिवाळी स्लाउच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. जेवणाच्या रांगेत भाऊजींच्या पुढे नारिंगी टाय लावलेले एक गृहस्थ उभे होते. भाऊजींनी विचारलं, "तुम्ही कुठले?" ते म्हणाले, "नागपूरचा. आता लंडनमध्ये पिनरला राहतो." भाऊजी म्हणाले, "ते नव्हे. एमएस कुठून केलंत?" त्या गृहस्थांनी सांगितलं. भाऊजींनी हातातली ताटली टेबलावर ठेवली. नदीपलीकडच्यांचा रंग नारिंगी, माणूस नागपूरचा, म्हणजे विधिलिखितच. दोघं जे भांडायला उभे राहिले ते शाळेचा केअरटेकर चावी घेऊन येईपर्यंत. जेवले दोघंही नाहीत. घरी जाताना गाडीत भाऊजी म्हणाले, "अत्यंत नालायक माणूस आहे," आणि इतके खुशीत म्हणाले, की वहिनींनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

तेव्हापासून दर शनिवारी मॅच संपली, की ज्याचं कॉलेज जिंकलं असेल तो दुसऱ्याला फोन करायचा. दोन्ही कॉलेजं एकमेकांशी वर्षातून एकदाच खेळायची, पण भांडण थांबायला तेवढी अडचण पुरेशी नव्हती. "काय बे, तुमचा कोच झोपून राहिला का मैदानात?" हा नागपुरी आवाज रिसिव्हरमधून पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. नदीपलीकडचे जिंकले, की पिनरहून संत्राबर्फीचा डबा यायचा. भाऊजी त्याला हात लावत नसत. मी, वहिनी आणि पुतणी मिळून आम्ही तो संपवायचो, आणि खरं सांगायचं तर आम्ही तिघी मनातल्या मनात नारिंगीच्या बाजूने झालो होतो.

आणि मग एका मंगळवारी भाऊजींच्या कॉलेजची भानगड बाहेर आली. साधीसुधी नव्हे. भाऊजी तिथे शिकत होते त्या वर्षांत श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी खेळाडूंना गाड्या दिल्या होत्या, आणि त्यांचे पेपर दुसऱ्याच कुणीतरी लिहिले होते. शिक्षा अशी झाली, की त्या काळातले कॉलेजचे सगळे विजय रेकॉर्डमधून पुसून टाकायचे. जिंकलेली मॅच जिंकलेली नाही.

त्या पुसलेल्या मॅचेसमधली एक आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. भाऊजी पुण्याहून अमेरिकेला गेले, तेव्हा बावीस वर्षांचे, बुजरे, आणि त्यांचं इंग्रजी तिथल्या कुणाला कळत नसे. पहिले काही आठवडे ते लायब्ररी आणि खोली यांच्यापलीकडे कुठे गेले नाहीत. एका शनिवारी सगळं गाव एकाच दिशेने चाललेलं दिसलं, म्हणून हेही मागोमाग चालत गेले. मॅच नदीपलीकडच्यांशी होती. यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटच्या मिनिटाला यांचं कॉलेज जिंकलं, आणि शेजारच्या एका अनोळखी आडदांड माणसाने स्वतःची टोपी यांच्या डोक्यावर घालून यांना कडकडून मिठी मारली. "घर सोडल्यापासून मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता," असं भाऊजी सांगायचे, आणि इथे नेहमी चष्मा पुसायचे.

त्या शनिवारी मी गेले, तर टीव्ही बंद. भाऊजी मागच्या अंगणात पानं गोळा करत होते. वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "किती वर्षं मागतेय, की शनिवारी जरा घरात लक्ष द्या. आता देतायत, तर बघवत नाही." पुतणी सात वर्षांची, इथेच जन्मलेली. तिने विचारलं, "बाबा, तुझा टीम चीटिंग केली?" एरवी 'तुझ्या टीमने' असं तिच्याकडून तीनदा म्हणून घेणारे भाऊजी नुसते 'हो' म्हणाले. मी चहा घेऊन बाहेर गेले, तेव्हा म्हणाले, "गाड्या दिल्या, शिक्षा करा. कोचला हाकला. सगळं मान्य. पण झालेली मॅच झाली नाही, असं कसं म्हणतात हो? मग मला मिठी कुणी मारली?" मी म्हटलं, चहा गार होतोय.

पिनरहून फोन आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. "हसत असेल," भाऊजी म्हणाले. "हसू दे. त्याचा हक्कच आहे." त्यानंतरच्या शनिवारी दुपारी जांभळ्या दाराची बेल वाजली आणि नागपूरकर आत आले. नारिंगी टाय नाही, हातात डबा नाही. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. इतक्या वर्षांची प्रवचनं आता व्याजासकट परत येणार, हे आम्हाला दिसत होतं. भाऊजी उठून उभे राहिले, शाळेत छडी खायला राहतात तसे. म्हणाले, "बोल."

"काय बोलू बे? टीव्ही का बंद आहे?"

"कशाला लावू? आम्ही चोर आहोत. ती मॅचसुद्धा गेली."

"कुठे गेली?" नागपूरकर एकदम चिडले. "मी होतो ना तिथे! समोरच्या स्टँडमध्ये, आमच्यावाल्या लोकांत. शेवटच्या मिनिटाला तुम्ही घेतली मॅच. मी डॉर्मच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो बे त्या दिवशी. दोन दिवस जेवलो नाही. आता कुणी कागदावर खोडलं म्हणून माझं रडणं खोटं होते काय? हरलो होतो मी. ते मी कुणाला खोडू देणार नाही. लाव टीव्ही."

भाऊजींनी टीव्ही लावला नाही. त्यांना रिमोट दिसत नव्हता, तो त्यांच्या समोरच होता. शेवटी वहिनींनी लावला. मग दोघं पहिल्यांदाच एका सोफ्यावर, म्हणजे एक बसून आणि एक उभा, मॅच बघायला लागले, आणि पंधरा मिनिटांत "तुमच्या त्या भुरट्या कोचला" इथून भांडण सुरू झालं. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसलो, आणि त्यातच थोडं रडूनही घेतलं. त्या रात्री आमच्याकडे जेवायला सगळे मिळून सहा जण होते, आणि एकाचंही बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं.

पुढे वडील आजारी पडले म्हणून नागपूरकर कायमचे भारतात परत गेले. तिकडे आता मॅच संपेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते, त्यांना पहाटे वडिलांचं सगळं करायचं असतं, त्यामुळे शनिवारचा फोन हळूहळू बंद पडला. भाऊजी अजून उभे राहून मॅच बघतात. जिंकले तरी ओरडत नाहीत. जिंकल्यावर एकदा खिडकीबाहेर बघतात आणि टीव्ही बंद करतात.

मला ते बघवेना. गेल्या मोसमात नदीपलीकडच्यांशी मॅच होती, तेव्हा मी सरळ जाऊन सोफ्यावर बसले आणि जाहीर केलं, "भाऊजी, आज मी त्यांच्या बाजूने. तुमचा कोच म्हणजे ना, अगदी हा आहे." पुढचा शब्द मला सुचला नाही. भाऊजी पोट धरून हसले. मी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवल्या, भाऊजींच्याच कॉलेजच्या गुणांना वाजवल्या, तरी त्यांनी सगळं सहन केलं. शेवटी त्यांचं कॉलेज जिंकलं. मी तोंड पाडून म्हटलं, "हरले बाई मी."

त्यांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. म्हणाले, "राहू दे. तुम्ही चांगल्या आहात, पण तुम्हाला हरल्याचं वाईट वाटत नाही."

वाईट वाटलं होतं. पण ते मॅचचं नव्हतं.