अक्कांची बोट आणि केळ्याचा नवस

डॉक्टरांनी अक्कांना रोज दोन केळी खायला सांगितली, तिथून हे सगळं सुरू झालं. जळगावात बसून डॉक्टरनं केळी खायला सांगावं यात औषध ते काय, असं कुणालाही वाटेल. पण माझ्या मोठ्या काकू, म्हणजे घरादाराच्या अक्का, खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "केळं माले चालत नही. मनी बोट बाकी शे."

माझी बोट बाकी आहे म्हणजे काय, अशा नजरेनं डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी माझे मोठे काका, आबा, घरात भांडून निघाले आणि मुंबईला जाऊन नौदलात भरती झाले. तोवर त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे तापीचा पूर. अक्का तेव्हा नव्या नवरी होत्या. त्या सातपुड्यातल्या देवीपुढं नवस बोलल्या: माणूस सुखरूप परत येऊ दे, ज्या बोटीनं आणला तिची खणानारळानं ओटी भरीन, आणि तोवर केळं तोंडात घालणार नाही. युद्ध संपलं, आबा पत्र्याची पेटी घेऊन चोपड्याच्या मोटारीतून उतरले, पोरंबाळं झाली, त्यांची लग्नं झाली. ओटी मात्र राहिली ती राहिलीच. कारण अक्कांनी कधीही विचारलं, "बोट कोठे शे?" की आबा ती कुठंतरी लांब धाडून द्यायचे. आधी ती कोलंबोला होती. मग एडनला गेली. मी मॅट्रिकला होतो तेव्हा ती दुरुस्तीला लागली होती, आणि ती दुरुस्ती आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांसारखी कधी संपलीच नाही.

आणि घर कुणाचं, तर केळीवाल्याचं. अंगणात घड, जेवायला केळीची पानं, दारात केळी भरायला उभा ट्रक. पाहुणे आले की अक्का शिकरण करायच्या आणि गोड झालं का हे शेजारणीला चाखायला लावायच्या. मला लहानपणी याचं हसू यायचं. मोठेपणी यायचं थांबलं.

दवाखान्यातून निघताना अक्कांनी माझा दंड धरला. "तू कॉलेजमां इतिहास शिकवस ना? मंग मनी बोट धुंड. मराना आगोदर ओटी भरू दे." माझ्या नोकरीचा कुणाला काही उपयोग असू शकतो, ही कल्पना मला तोवर शिवली नव्हती. मी कंबर कसली.

आबांकडून माहिती काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. गावात ते युद्धवीर होते. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना पहिल्या खुर्चीत बसवत आणि हेडमास्तर दरवर्षी त्यांच्या जहाजावर एकेक तोफ वाढवत. आबा खाली मान घालून ऐकत. आम्ही त्याला विनय समजायचो. घरात ते फरशीला डेक म्हणत, आणि फाटकाबाहेर पडताना "किनाऱ्यावर जाई येस" असं सांगून जात. यापेक्षा अस्सल पुरावा इतिहासकाराला कोणता हवा?

मी टेपरेकॉर्डर घेऊन बसलो तेव्हा त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या, त्याही मी पिच्छा पुरवला म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कडुनिंब दिसायचा. कावळे फार होते. आणि पाणी विहिरीचं होतं.

दुसरा कुणी असता तर तिथंच थबकला असता. पण मी एम.ए. होतो. कावळे, म्हणजे जहाज किनाऱ्याजवळून जात असणार. कडुनिंब, म्हणजे विमानांपासून लपण्यासाठी डेकवर झाडं लावली असणार. असं युद्धात करत, हे मी कुठंतरी वाचलं होतं. विहीर म्हणजे तळातली पाण्याची टाकी, गावाकडच्या माणसाच्या भाषेत. मी हे सगळं आबांना समजावून सांगितलं. ते टेपरेकॉर्डर माझ्याकडं सरकवत म्हणाले, "तू म्हनस तसं व्हई."

मग मी आबांच्या पत्र्याच्या पेटीवर रंगवलेलं जहाजाचं नाव घेऊन ग्रंथालयं पालथी घातली. धुळ्यात युद्धनौकांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ मिळाला. त्यात प्रत्येक जहाजाची लांबी, तोफा आणि जलसमाधीचं ठिकाण दिलेलं. इंग्रजांनी आपल्या सुरुंग काढणाऱ्या होड्यांचीसुद्धा कुंडली मांडली होती. आमची बोट मात्र नव्हती. मी शेवटापासून सुरुवातीकडं वाचत गेलो, तरी नव्हती. कुणीही यावरून जहाजच नव्हतं असा निष्कर्ष काढला असता. मी काढला तो असा की जहाज अत्यंत गुप्त होतं, इतकं की इंग्रजांनी त्याची नोंदही ठेवली नाही.

या सिद्धांतावर मी निबंध लिहिला आणि धुळ्याला एका इतिहास परिषदेत वाचला. समोर पंधरावीस माणसं, त्यातली निम्मी पुढच्या निबंधवाल्याची नातेवाईक. मी आवाज चढवून वाचलं. झाडं आली तिथं टाळीही पडली.

वाचून झाल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. पांढरी दाढी, कडक इस्त्री, आणि आपल्याला सगळं ठाऊक असल्याचा चेहरा. आपण नौदलातून निवृत्त झालो, इथंच धुळ्यात देवपुरात राहतो, असं त्यांनी सभेला ऐकवलं. मग मला विचारलं, "त्या बोटीवर झाडं होती म्हणता?"

"होती."

"विहीर?"

"होती," मी म्हणालो, पण जरा हळू.

"आणि कावळे. मग ती मला चांगली ठाऊक आहे, मी तिथंच शिकलो. अहो प्राध्यापक, ती मुंबईतली दगडी इमारत आहे. नौदलात जमिनीवरच्या छावणीलाही जहाजाचंच नाव देतात, तिथल्या फरशीला डेक म्हणतात आणि फाटकाबाहेर पडलं की किनाऱ्यावर गेलो म्हणतात. बांधली तेव्हापासून ती बोट एक वीतही हललेली नाही."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांनी माझे अभ्यासपूर्ण निबंधाबद्दल आभार मानले आणि जेवणाची सुट्टी दिली. शेवभाजी तिखट होती, त्यामुळं माझे लाल कान कुणाला वेगळे दिसले नसावेत.

परतीच्या बसमध्ये अमळनेर येईपर्यंत मी स्वतःवर चिडलो होतो. पुढं आबांवर चिडलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी समजू शकतो. पण ज्याच्या काखेत कळसा त्यानं तो चाळीसहून जास्त वर्षं सदऱ्याखाली झाकून धरायचा, आणि बायकोनं समोर केळीच्या बागेत उपाशी राहायचं?

आबा बागेतच भेटले. मी म्हणालो, "आबा, ती इमारत होती."

"माले माहीत शे," ते म्हणाले. त्यांना माहीत असणारच होतं, तरी मला धक्का बसला.

"मग सांगितलं का नाही?"

आबा खाली बसले आणि परत आले त्या दिवसाचं सांगू लागले. "मी उनू तवय ती निस्ती काडी व्हयेल व्हती. उपासतापास करी करी. बठ्ठं गाव पाहाले जमेल. मी तठे कांदा चिरत व्हतू, खिडकीमां कडुनिंब व्हता, हाई तिले कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू, करता करता नातवंडं व्हयनात."

"निदान बुडाली म्हणायचं."

"बुडनी म्हनतू ते नवस कायमना अडकता. फिरस म्हनं, ते तिले आशा तरी." मग म्हणाले, "तूच सांग तिले." मी साफ नाही म्हणालो. मला त्यांची दया येत होती आणि रागही जात नव्हता.

संध्याकाळी त्यांनी ओट्यावर बसून स्वतः सांगितलं. अक्का गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे ती बोट कधी डुबनारच नव्हती?"

"नही."

"आन मी आठे रोज डुबत व्हती, ते?"

अक्का सूप उचलून आत गेल्या आणि त्यांनी बोलणं टाकलं. आबांपुढं ताट आदळलं जाई, ते आबा चाटूनपुसून जेवत. मधल्या काळात मी हेडमास्तरांना खरं काय ते सांगून आलो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "सर, आता बदलता नाही यायचं. पोरांचं भाषण पाठ झालंय."

पुढच्या रविवारी सकाळी अक्का न्हाऊन, नऊवारी नेसून बाहेर आल्या. हातात ताम्हण, त्यात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मी घाईनं म्हणालो, "अक्का, ती इमारत अजून उभी आहे. मी नेतो मुंबईला. फाटकापर्यंत तरी जाऊ देतील."

"कसाले?" अक्का म्हणाल्या. "तठे घरले बोट म्हनतस ना? मंग हाईबी बोटच शे. माणूस आठेच परत उना."

त्यांनी आमच्याच उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला. नौदलाला सोयीचं असलेलं तर्कशास्त्र देवीलाही चालायला हरकत नव्हती. मग त्या ओट्यावर बसल्या आणि कुणाकडंही न बघता हात पुढं केला.

आबा धडपडत आत गेले, फणीतलं पिवळंजर्द केळं निवडून घेऊन आले. ते त्यांनी इतक्या घाईनं सोललं की सालीबरोबर गरही निघाला. अक्कांनी एक घास घेतला. दात थोडेच उरले होते, तरी तो घास त्यांनी पुष्कळ वेळ तोंडात घोळवला. मग आबांकडं पाहून त्यांनी विचारलं, "इतलीच चव व्हती का?"

आबांचे डोळे भरून आले होते. "हाव," ते म्हणाले. "इतलीच."

अक्कांनी ते केळं शेवटपर्यंत खाल्लं, साल बाजूला ठेवली आणि पुन्हा हात पुढं केला. डॉक्टरांनी दोन सांगितली होती.