पहिलं वाक्य घरी न्यायचं

ऋचाला, माझ्या लेकीला, गुवाहाटीच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली. सोमवारी होकार कळवायचा होता आणि माझा नकार तयार होता. "आई, आधी तुझं ते मौन शिबिर करून ये, मग बोल," ती म्हणाली. पोरगी हुशार! पण मीही काही कमी नाही. दोन दिवस गप्प बसून भाषण घासूनपुसून आणायचं ठरवूनच निघाले.

नाशिक रोडहून इगतपुरीला सकाळची गाडी पकडा. स्टेशनबाहेर जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. थंडीत शाल, कानटोपी हवीच. आश्रम साधा: सतरंजी, गरम भात, आमटी, नागलीची भाकरी. शुल्क नाही, दानपेटीत जमेल ते टाकायचं.

फोन जमा झाले, मौन सुरू झालं. पहिल्याच जेवणात मी वाढणाऱ्या बाईंना खुणेने सांगितलं, आमटीत मीठ कमी आहे. शिबिर चालवणाऱ्या माई जवळ आल्या. "हातांनीसुद्धा तक्रारच केलीत ना?" मला रागच आला. मीठ कमी होतंच!

मग डोळे मिटून भाषणाची उजळणी. इतक्या लांब कशाला? तिथे तुझं कोण आहे? आजारी पडलीस तर? रविवार उजाडेपर्यंत ते इतक्यांदा ऐकलं की मलाच कंटाळा आला. आणि लक्षात आलं, आजारी ऋचा मला दिसतच नव्हती. दिसत होते मी, संध्याकाळी एकटीपुरता कुकर लावणारी. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. काळजी तिची नव्हतीच, भीती माझी होती. खूप रडू आलं.

निघताना मौन सुटेल असं वाटलं, पण इथली रीत वेगळी. "पहिलं वाक्य इथे खर्चायचं नाही," माई म्हणाल्या. "ज्याच्यासाठी आहे, त्याच्यापर्यंत न्यायचं."

म्हणजे घरापर्यंत गप्प! नाशिक रोडला रिक्षावाल्याला कागदावर पत्ता दाखवला. "बोलता येत नाय का ताई? बसा बसा, लय लांब नाय." मग सासूच्या तक्रारी सांगता सांगता गडी भलत्याच रस्त्याला लागला. जीभ नुसती शिवशिवत होती. एरवी मी त्याची चांगली शाळा घेतली असती, पण जपून आणलेलं वाक्य याच्यावर घालवू? मनात माईंची माफी मागून वळण हाताने दाखवलं.

ऋचाने दार उघडलं. "बोल. मी तयार आहे."

"तू गेलीस की मला घर खायला उठेल, म्हणून मी नाही म्हणणार होते."

तिने विचारलं, "आणि आता?"

"आता जा."

हे लिहितेय तेव्हा ऋचा गुवाहाटीत आहे. आणि घर खायला उठतं, खोटं कशाला सांगू? फोनवर तिलाही तसंच सांगते. "मलाही इथे करमत नाही गं," ती म्हणते. पण परत ये असं मी म्हणत नाही, आणि येऊ का असं तीही विचारत नाही.